अमीबाची चाल आणि पाण्याची वाट

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त बंगळूरमधील के. आर. पुरम येथे भरलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



मराठी माध्यमात शिकलेल्या प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी अमीबाची आकृती काढलेली असते. वेडीवाकडी बाह्यरेषा, मध्ये केंद्रक, एका बाजूस अन्नरिक्तिका, दुसऱ्या बाजूस संकोची रिक्तिका आणि बोटांसारख्या पुढे आलेल्या भागांपाशी बाण काढून लिहिलेला ‘छद्मपाद’ हा शब्द. सबंध जीवशास्त्रात काढण्यास इतकी सोपी आकृती दुसरी नाही, कारण तिची बाह्यरेषा चुकूच शकत नाही. या आकृतीने अमीबावर एक अन्याय मात्र केला आहे. तिच्यात सर्व अवयव आहेत, फक्त चाल नाही; आणि चालीवाचून अमीबा म्हणजे वहीत सांडलेला शाईचा डाग होय.

ज्यांनी तो प्रथम पाहिला, त्यांना त्याची चालच आधी दिसली होती. रोझेल फॉन रोझेनहोफ या जर्मन चित्रकार-निसर्गअभ्यासकाने १७५५ मध्ये त्याचे वर्णन केले आणि क्षणोक्षणी रूप पालटणाऱ्या ग्रीक सागरदेवतेवरून त्याला ‘लहान प्रोटियस’ म्हटले. पुढे रूढ झालेले ‘अमीबा’ हे नावही ‘बदल’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले. हा बदल नेमका कसा घडतो, हे समजण्यास त्यानंतर दोनशे वर्षांहून अधिक काळ लागला.

सूक्ष्म जीवांच्या हालचालीचा विचार करताना आपल्या अनुभवातील पाणी प्रथम विसरावे लागते. विहिरीत पोहणारा मुलगा हातपाय थांबवतो, तरी काही अंतर पुढे सरकत राहतो. हे जडत्वाचे देणे आहे. जीवाणूच्या वाट्याला हे देणे येत नाही. एडवर्ड पर्सेल या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये गणित मांडून दाखवले की, पोहता पोहता थांबलेला जीवाणू जेवढे अंतर घरंगळत जातो, ते एका अणूच्या व्यासापेक्षाही कमी असते. त्याच्यासाठी पाणी काकवीहूनही दाट आहे. काकवीने भरलेल्या हौदात माणसाला सोडले आणि हातपाय अतिशय संथपणे हलवण्याची अट घातली, तर जीवाणूच्या स्थितीची थोडी कल्पना येईल.

यातून एक चमत्कारिक निष्कर्ष निघतो. अशा जगात शिंपल्यासारखी उघडझाप करून पुढे जाता येत नाही. उघडताना जेवढे पुढे जावे, तेवढेच मिटताना मागे यावे लागते. वेग कमीअधिक करूनही उपयोग नाही. गेलेल्या वाटेनेच परतणारी कोणतीही हालचाल तेथे व्यर्थ ठरते. त्यामुळे सूक्ष्म जीवांनी हालचालीचे जे मार्ग काढले, त्या सर्वांत एक गोष्ट समान आहे: जातानाची आकृती आणि परततानाची आकृती वेगळी असते, किंवा मग परतणेच नसते.

जीवाणूची कशाभिका दुसऱ्या प्रकारात मोडते. ती मळसूत्रासारखी वळलेली असून तिच्या बुडाशी खरोखरची फिरणारी यंत्रणा असते. ही कशाभिका चाबकासारखी हलत नाही, फिरते, हे १९७० च्या दशकात सिद्ध झाले. तोपर्यंत सजीवांत चाक नसते असे ठामपणे सांगितले जात असे. पॅरामेशियम पहिल्या प्रकारातला आहे. त्याच्या अंगावर हजारो पक्ष्माभिका असतात. प्रत्येक पक्ष्माभिका वल्ह्याप्रमाणे ताठ होऊन पाणी मागे लोटते आणि परतताना वाकून अंगालगत सरकत येते. शेजारची थोडी मागून, तिच्या शेजारची आणखी मागून, अशा क्रमाने त्या चालतात आणि जोंधळ्याच्या शेतावरून वाऱ्याची लाट जावी तसा देखावा सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. पॅरामेशियम सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या कित्येक पट अंतर कापतो. अडथळा लागला, की पेशीत कॅल्शियम शिरते, पक्ष्माभिकांची दिशा उलटते, तो मागे येतो, थोडा वळतो आणि पुन्हा पुढे जातो. मेंदू नसताना एवढे भान पुरेसे होते.

अमीबाजवळ यांपैकी काहीच नाही. ना वल्हे, ना मळसूत्र. तो स्वतःच्या देहालाच वाट करतो. त्याच्या जीवद्रव्याचा बाहेरचा थर घट्ट, खरवसासारखा असतो आणि आतले द्रव्य पातळ, वाहते असते. आतला प्रवाह पुढच्या टोकाकडे धावतो, तेथे पोहोचून कडांना पसरतो आणि घट्ट होतो. मागच्या टोकाला घट्ट झालेला थर विरघळून पुन्हा प्रवाहात सामील होतो. रेल्वेने मागचे रूळ उचलून पुढे टाकत जावे, तसा हा प्रकार आहे. प्रवाह मागून ढकलला जातो की पुढून ओढला जातो, हा वाद दीर्घकाळ चालला. मास्ट यांनी १९२६ मध्ये शेपटाकडील आकुंचनावर भर दिला. ॲलन यांनी १९६१ च्या सुमारास पुढच्या टोकाचा पक्ष घेतला. आज एवढे निश्चित आहे की या सर्वांमागे ॲक्टिन आणि मायोसिन ही प्रथिने आहेत. आपल्या दंडाच्या स्नायूत जी प्रथिने काम करतात तीच. पेशीच्या पुढच्या कडेला ॲक्टिनचे धागे वाढत जातात व पटलाला बाहेर रेटतात; मायोसिन मागचा भाग आवळून घेते. आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी जखमेकडे अशाच सरपटत जातात. शरीराने अमीबाची चाल टाकून दिलेली नाही, संरक्षणासाठी राखून ठेवली आहे.

या चालीचा वेग मात्र ध्यानात घेण्याजोगा आहे. मोठा अमीबा सेकंदाला साधारण तीन मायक्रोमीटर सरकतो असे धरले, तर दिवसभरात तो जेमतेम एक वीतभर अंतर कापेल. के. आर. पुरमच्या रेल्वे स्थानकावरून बंगळूरच्या मुख्य स्थानकापर्यंत जाण्यास, वाटेत क्षणभरही न थांबता आणि एकदाही न वळता, त्याला सुमारे दीडशे वर्षे लागतील. ऑक्टोबर २०२३ पासून मेट्रोने हेच अंतर तासाच्या आत कापता येते. ही तुलना केवळ गमतीची नाही. अमीबा आणि त्याचे सूक्ष्म बांधव सबंध पृथ्वीवर पसरलेले आहेत, तेव्हा स्वतःच्या चालीने ते पसरलेले नाहीत हे उघड आहे. त्यांची चाल केसभर अंतरासाठी आहे. मैलांचे अंतर त्यांना दुसरेच कोणी तरी कापून देते.

हे ‘दुसरे कोणी’ कोण, याचे एक सुंदर उत्तर बंगळूरमध्येच सापडले. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये विद्यानंद नंजुंडय्या यांनी अनेक वर्षे डिक्टिओस्टेलियम या मातीतील अमीबाचा अभ्यास केला. हा अमीबा अन्न असेपर्यंत एकटा फिरतो आणि जीवाणू खातो. अन्न संपले की एखादी पेशी चक्रीय एएमपी नावाचे रसायन स्पंदनांनी सोडू लागते. शेजारच्या पेशी ते ओळखतात, त्या दिशेने सरकतात आणि स्वतःही तेच रसायन सोडून निरोप पुढे पोहोचवतात. सभेचे निमंत्रण तोंडोतोंडी जावे, तसे हजारो अमीबा एका बिंदूकडे ओढले जातात. त्यांचा मिळून गोगलगायीसारखा सरपटणारा एक इवलासा देह बनतो आणि शेवटी त्यातून एक देठ उभा राहतो. देठातील पेशी मरतात. त्यांच्या डोक्यावर बसलेल्या पेशी बीजाणू होतात.

एवढा खटाटोप आणि एवढे बलिदान करून सर्व मिळून वर किती चढतात, तर काही मिलिमीटर. परंतु तेवढी उंची पुढच्या प्रवासाची सोय करण्यास पुरते. नंजुंडय्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दक्षिण भारतातील अरण्यांच्या मातीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसून आले की मोठ्या सस्तन प्राण्यांच्या शेणा-लेंड्यांतून हे अमीबा लांबलांबच्या अंतरावर पसरतात. या प्रवासात निरनिराळ्या कुळांचे अमीबा एकत्र मिसळतात, म्हणून एकाच देठावर चढलेले सारे अमीबा एकाच कुळाचे असतील असे नाही. देठात मरणारा आणि त्याच्या आधाराने तरणारा यांचे नाते लागतेच असे नाही. उत्क्रांतीच्या अभ्यासकांना यावर अजून बरीच वर्षे विचार करावा लागेल.

आता अरण्य सोडून के. आर. पुरमकडे वळावे. या परिसरात तलाव आहेत, आणि तलावांच्या भोवती वाढलेल्या वसाहतींचे सांडपाणी आहे. बंगळूरच्या मोठ्या गृहसंकुलांना स्वतःचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र बाळगणे बंधनकारक आहे. तळघरात किंवा मागच्या कोपऱ्यात असलेल्या या केंद्राला रहिवासी ‘एसटीपी’ म्हणतात आणि दुर्गंधी आल्याखेरीज त्याची आठवण काढत नाहीत. वास्तविक त्या टाकीत सूक्ष्म जीवांच्या चालीचे एक पूर्ण प्रदर्शन अहोरात्र चालू असते.

या पद्धतीचा आणि बंगळूरचा संबंध जुना आहे. सांडपाण्यात हवा खेळवून तयार झालेला जिवंत गाळ पुन्हा पुन्हा वापरण्याची पद्धत अर्डर्न आणि लॉकेट यांनी १९१४ मध्ये मँचेस्टरच्या प्रयोगांतून मांडली. त्यांना या प्रयोगाची दिशा दाखवणारे गिल्बर्ट फाउलर १९१६ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक म्हणून आले. त्यांच्यामागे या संस्थेत सांडपाण्याच्या अभ्यासाची परंपरा राहिली. तिच्यातूनच एस. सी. पिल्लई आणि व्ही. सुब्रह्मण्यन यांनी १९४२ मध्ये आणि पुन्हा १९४४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक धीट मत मांडले. त्या वेळी सर्व श्रेय जीवाणूंना दिले जात असे. या दोघांनी प्रजीवांकडे, त्यातही एपिस्टायलिस नावाच्या देठवाल्या प्रजीवाकडे, बोट दाखवले आणि शुद्धीकरणाचे मोठे काम तो करतो असे म्हटले. त्यांचा दावा जेवढा व्यापक होता तेवढा टिकला नाही. जीवाणूंचा वाटा मोठाच आहे. परंतु त्यांनी दाखवलेला जीव अचूक होता. १९६८ मध्ये इंग्लंडमध्ये कर्ड्स आणि सहकाऱ्यांनी प्रयोगाने दाखवले की पक्ष्माभिकाधारी प्रजीव नसलेल्या टाकीतून गढूळ पाणी बाहेर पडते, आणि ते सोडले की पाणी निवळते. यांतील सुब्रह्मण्यन हेच पुढे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे पहिले संचालक झाले. बंगळूरच्या विज्ञानाचा इतिहास सांगताना उपग्रहांची आठवण निघते, गटाराच्या पाण्याची निघत नाही. ती निघावयास हवी.

एपिस्टायलिसची गंमत अशी की तो कोठेही जात नाही. झाडासारख्या फांद्यांच्या टोकांवर त्याच्या घंटेच्या आकाराच्या पेशी बसलेल्या असतात. प्रत्येकीच्या तोंडाभोवती पक्ष्माभिकांचे कडे असते. पॅरामेशियम ज्या अवयवाने स्वतः पाण्यातून पुढे जातो, त्याच अवयवाने हा पाण्याला स्वतःकडे आणतो. त्या भोवऱ्यात मोकळे तरंगणारे जीवाणू सापडतात आणि गिळले जातात. गाळाबरोबर तळाला न बसणारे व पाणी गढूळ ठेवणारे हेच ते जीवाणू. त्याचा नातेवाईक व्हॉर्टिसेला थोडा बुजरा आहे. धक्का लागताच त्याचा देठ सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी वेळात स्प्रिंगसारखा आवळला जातो आणि मग सावकाश उलगडतो.

टाकीचे कामकाज जाणणारा माणूस गाळाचा एक थेंब काचपट्टीवर घेतो आणि कोणाची चाल दिसते ते पाहतो. अमीबा आणि लहान कशाभिकाधारी जीव फार असतील तर टाकी नवी आहे किंवा बिघडून पुन्हा सावरते आहे. मोकळे पोहणारे पक्ष्माभिकाधारी आले म्हणजे सुधारणा होत आहे. देठवाले स्थिरावले म्हणजे पाणी चांगले निघत आहे. रसायनांची तपासणी लागतेच; पण या थेंबाचे उत्तर पाच मिनिटांत मिळते.

आणि येथेच विषयाची दुसरी, गंभीर बाजू सुरू होते. पटकीचा जंतू कोख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यात ओळखला. त्याला एकच कशाभिका असते आणि तो फार चपळ असतो. सूक्ष्मदर्शकाखाली बाण सुटावेत तसे हे जंतू इकडून तिकडे धावताना दिसतात. तरी सरळ रेषेत दिवसभर धावला, तर त्याचे अंतर चारपाच मीटरांच्या पलीकडे फारसे जाणार नाही. आतड्याच्या अस्तरापर्यंत पोहोचण्यास ही धाव पुरते, एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत जाण्यास पुरत नाही. तो प्रवास त्याला पाणी घडवते. १८९५ मध्ये रोनाल्ड रॉस यांना बंगळूरला धाडण्यात आले ते पटकीसाठीच; मलेरियाच्या ज्या शोधाने ते प्रसिद्ध झाले, त्याच्या दोन वर्षे आधी ते या शहराच्या आरोग्यव्यवस्थेत गुंतले होते.

प्लेगचे उदाहरण याहून बोलके आहे. प्लेगच्या जंतूला हालचालच करता येत नाही. त्याच्या जवळच्या भाईबंदांना कशाभिका आहेत. त्याच्यातही ती बनवण्याची सामग्री आहे, पण निकामी झालेली. असा हा पांगळा जंतू १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत प्रकट झाला आणि ऑगस्ट १८९८ मध्ये हुबळीच्या बाजूने रेल्वेने बंगळूरला पोहोचला. पिसू हे त्याचे वाहन आहे हे पॉल-लुई सिमाँ यांनी त्याच वर्षी कराचीत दाखवून दिले. मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या मोकळ्या हवेच्या वस्त्यांना त्या साथीने चालना दिली. ज्याला एक मायक्रोमीटरही स्वतः सरकता येत नाही, त्याने शहराचा नकाशा बदलला.

आमांशाचा अमीबा या दोन्ही अवस्था एकाच आयुष्यात जगतो. रशियात लोश यांनी १८७५ मध्ये त्याचे वर्णन केले. आतड्यात तो एकच रुंद छद्मपाद पुढे टाकत एका दिशेने झपाट्याने सरकतो आणि पुष्कळदा तांबड्या रक्तपेशी गिळतो. ही चाल ओळखण्यासाठी प्रयोगशाळेत पातळ शौचाचा नमुना अर्ध्या तासाच्या आत पाहावा लागतो. उशीर झाला की तो थंडावतो आणि ओळख बुजते. चालणारा हा अमीबा शरीराबाहेर लवकर मरतो. जी बाहेर टिकते ती पुटी. तिला छद्मपाद नाहीत, हालचाल नाही. दमट जागी ती दिवसचे दिवस तग धरते आणि नेहमीच्या मात्रेच्या क्लोरीनलाही सहज दाद देत नाही. पाणी उकळले की मात्र मरते. रोग देणारी अवस्था ही न चालणारी अवस्था आहे, हे शालेय पुस्तकांनी थोडे ठळकपणे सांगावयास हवे.

याला एक अपवाद आहे आणि त्याने अलीकडे शेजारच्या केरळात पुष्कळ भीती निर्माण केली. नेग्लेरिया फाउलेरी हा कोमट गोड्या पाण्यातील अमीबा. पाणी बदलले की तासा-दोन तासांत तो छद्मपाद टाकून कशाभिका निर्माण करतो आणि पोहू लागतो; पुढे पुन्हा अमीबा होतो. नाकात पाणी शिरले तर अमीबाच्या रूपात तो वासाच्या मज्जातंतूच्या वाटेने मेंदूपर्यंत सरपटत जातो. तेथे अंतरच इतके थोडे आहे की त्याला वाहनाची गरज पडत नाही. आजार अत्यंत दुर्मीळ, परंतु बहुधा प्राणघातक. जुलै २०२४ मध्ये कोझिकोड जिल्ह्यातील एक चौदा वर्षांचा मुलगा लवकर निदान झाल्यामुळे वाचला. ते पाणी प्यायल्याने हा रोग होत नाही, नाकातून गेल्यानेच होतो. म्हणून साचलेल्या कोमट पाण्यात बुड्या मारणाऱ्या मुलांना नाक चिमटीत धरण्यास शिकवणे हा पोकळ उपदेश नव्हे.

के. आर. पुरमवरून जुन्या मद्रास रस्त्याने पुढे गेले की पन्नासहून अधिक किलोमीटरांवर कोलार लागते. २०१८ पासून बंगळूरच्या कोरमंगला-चल्लघट्टा खोऱ्यातील प्रक्रिया केलेले सांडपाणी कोलारच्या कोरड्या तलावांत सोडले जात आहे. भूजल वर आले म्हणून शेतकऱ्यांचा एक वर्ग समाधानी आहे. प्रक्रिया दुसऱ्या टप्प्यावरच थांबते, तिसरा टप्पाही हवा, असा दुसऱ्यांचा आग्रह आहे. दोन्ही बाजूंना आपले म्हणणे मांडण्यास आधार आहे. पुटीच्या दृष्टीने पाहता, तिला आयते वाहन मिळते की नाही, हे त्या राहिलेल्या टप्प्यावर बरेचसे अवलंबून आहे.

गृहसंकुलांच्या पातळीवर प्रश्न याहून साधा असतो. टाकीत हवा सोडणारा ब्लोअर वीज खातो, आणि बिल वाचवण्यासाठी तो रात्री बंद ठेवण्याचा मोह होतो. प्राणवायू तुटला की देठवाले प्रजीव तग धरू शकत नाहीत. काही देठ सोडून पोहत निघतात, पुष्कळ मरतात, आणि पाणी गढूळ होऊ लागते. सोसायटीच्या सभेत यावर वाद घालण्याआधी टाकीवरील कामगाराकडून गाळाचा एक थेंब मागून घ्यावा. घंटेसारख्या पेशींची झाडे त्यात हलताना दिसतात की नाही, एवढेच पाहावयाचे असते. शंभर पट मोठे दाखवणारा शाळेतील साधा सूक्ष्मदर्शक त्यासाठी पुरतो.